मंगळावरील गाळाचा नमुना तयार. पण तो आणणार कोण?

जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने अंतराळ संशोधनाच्या वार्षिक निधीला मंजुरी दिली, तेव्हा 'नासा'च्या शास्त्रज्ञांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात अध्यक्ष ट्रम्प यांच्या प्रशासनाने विज्ञान विभागाच्या निधीत जवळजवळ निम्मी कपात सुचविली होती. लोकप्रतिनिधींनी ती बहुतांशी अमान्य केली. तथापि त्याच निधीसोबतच्या निवेदनात एक छोटासा उल्लेख होता. मंगळावरील खडकांचे नमुने पृथ्वीवर आणण्याच्या विद्यमान कार्यक्रमाला आपला पाठिंबा नाही, असे त्यात म्हटले होते. त्याऐवजी मंगळाच्या भावी मोहिमांसाठी ११ कोटी डॉलर्सची तरतूद करण्यात आली. ही बातमी अनेक वाचकांच्या नजरेतून निसटली असेल, कारण त्या सुमारास जगात गाजणाऱ्या बातम्या दुसऱ्याच होत्या.

याउलट १० सप्टेंबर २०२५ ची बातमी मात्र बहुतेकांनी वाचली असणार. मंगळावर जीवसृष्टीच्या खुणा सापडल्याचे मथळे त्या आठवड्यात जगभर झळकले. एका बाजूला माणसाला आजवर मिळालेली सर्वांत आशादायक खूण आणि दुसऱ्या बाजूला ती खूण तपासण्यासाठी घरी आणण्याचा कार्यक्रम गुंडाळला जाणे, या दोन घटनांत अवघ्या चार महिन्यांचे अंतर आहे. या दोहोंचा एकत्र विचार केल्याशिवाय या प्रकरणातील खरी अडचण ध्यानात येत नाही.

प्रथम मूळ शोध समजून घेऊ. 'पर्सिव्हिअरन्स' म्हणजे चिकाटी. हे नाव धारण करणारी सुमारे एक टन वजनाची स्वयंचलित गाडी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावरील 'येझेरो' नावाच्या विवरात उतरली. बोस्नियातील एका गावावरून हे नाव घेतले असून अनेक स्लाव्ह भाषांत त्याचा अर्थ 'तलाव' असाच होतो. सुमारे ४५ किलोमीटर व्यासाच्या या विवरात साडेतीन अब्ज वर्षांहूनही पूर्वी खरोखरच एक तलाव होता. एक नदी पश्चिमेकडील कडा फोडून आत शिरत होती आणि तिने आणलेल्या गाळाचा पंख्याच्या आकाराचा त्रिभुज प्रदेश तेथे तयार झाला होता. तो आजही अवकाशातून स्पष्ट दिसतो. त्या नदीचे कोरडे पात्र काही ठिकाणी सुमारे ४०० मीटर रुंद आहे. याच पात्राच्या काठाला जुलै २०२४ मध्ये बाणाच्या टोकासारखा, जेमतेम मीटरभर लांबीचा एक तांबूस दगड गाडीच्या कॅमेऱ्यांनी टिपला. शास्त्रज्ञांनी त्याला 'चेयावा फॉल्स' हे नाव दिले. हा दगड म्हणजे एके काळचा बारीक चिखल होय. त्यावर चित्त्याच्या अंगावर असतात तसे ठिपके आहेत. त्यांच्या कडा गडद असून आतील भाग फिकट आहे. गाडीवरील उपकरणांनी त्यात सेंद्रिय कार्बनही असल्याचे दाखविले. २१ जुलै २०२४ रोजी गाडीने दगडाला छिद्र पाडून आतला एक तुकडा काढला व नळीत सीलबंद केला. खडूच्या कांडीएवढ्या त्या तुकड्याचे नाव 'सॅफायर कॅन्यन' असे आहे.

ठिपक्यांच्या कडांत लोह व फॉस्फरस यांचे एक खनिज, व्हिव्हियनाइट, आणि आतील भागात लोह व गंधक यांचे एक खनिज, ग्रेगाइट, असावे असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. नावे अपरिचित आहेत, पण प्रकार आपल्या अगदी परिचयाचा आहे. वसई, उत्तन, गोराई किंवा गोव्यातील खाजणांच्या काठी राहणाऱ्यांना गाळ म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात पाय रुतला की वरचा तपकिरी थर बाजूला होतो, खालून काळाकुट्ट गाळ वर येतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. वरच्या थराला हवा मिळते, म्हणून त्यातील लोह गंजासारखे तांबूस राहते. खाली प्राणवायू पोहोचत नाही. तेथे राहणारे सूक्ष्मजीव कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर जगतात आणि आपण जसा प्राणवायू वापरतो तसे ते लोह व सल्फेट वापरतात. त्यातून तो वासाचा वायू व लोह-गंधकाची काळी संयुगे निर्माण होतात. ग्रेगाइट याच कुळातले आहे. व्हिव्हियनाइट पाणथळ दलदलीत, तलावांच्या तळाशी, कधी पुरलेल्या हाडांवरही सापडते. थोडक्यात, येझेरोच्या चिखलात जे दिसले त्यासारखे रसायन आपल्या खाडीत आजही चालू आहे आणि आपल्या खाडीत ते मुख्यत्वे जिवांच्या हातून घडते.

मग मंगळावरही ते जिवांनीच घडविले काय? न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठाचे जोएल हुरोविट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी 'नेचर' या नियतकालिकात जे लिहिले आहे, ते मथळ्यांपेक्षा पुष्कळ संयमी आहे. ही खनिजे जिवांशिवायही तयार होऊ शकतात, हे त्यांनी स्पष्टपणे मान्य केले आहे. भरपूर उष्णता मिळाली अथवा तीव्र आम्ल असले तर केवळ रासायनिक क्रियेने तसे होऊ शकते. या दगडात तशा उष्णतेच्या वा आम्लाच्या खुणा दिसत नाहीत, म्हणून प्रश्न खुला राहतो, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. त्यांनी वापरलेला शब्दप्रयोगही 'संभाव्य जीवखूण' असा आहे. 'संभाव्य' हे विशेषण गाळून बातमी छापणे हा वाचकांवर अन्याय आहे, असे आमचे मत आहे.

असा संयम बाळगण्यामागे पूर्वीचा अनुभव आहे. १९८४ साली अंटार्क्टिकात मंगळावरून आलेला एक अशनी सापडला. ऑगस्ट १९९६ मध्ये डेव्हिड मॅके व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात प्राचीन सूक्ष्मजीवांचे अवशेष असावेत असे जाहीर केले. तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर पत्रकारांसमोर निवेदन केले. पुढे एकेक पुरावा जिवांशिवायही स्पष्ट करता येतो असे दिसून आले आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्यातील सेंद्रिय द्रव्ये पाणी व खडक यांच्या परस्परक्रियेतून बनली असल्याचे दाखविले. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. तो वाद सुमारे पाव शतक चालू शकला व पुढे सरकू शकला, कारण तो दगड हातात होता. नवे उपकरण आले की नवा तुकडा कापून पुन्हा तपासता येत होता.

याहून पूर्वीचे उदाहरण तर आपल्या परंपरेशी निगडित आहे. रोम येथील येशूसंघीय खगोलशास्त्रज्ञ फादर अँजेलो सेकी यांनी १८५८ साली मंगळाची रंगीत रेखाचित्रे काढली व त्यावरील एका गडद पट्ट्यास 'कालवा' या अर्थाचा इटालियन शब्द वापरला. १८७७ मध्ये जोव्हान्नी स्कियापारेल्ली यांनी तोच शब्द अनेक रेषांसाठी योजिला आणि पुढे पर्सिव्हल लोवेल यांनी त्या रेषांवर एका बुद्धिमान संस्कृतीचा इमला उभारला. १९६५ मध्ये 'मरिनर-४' यानाने जवळून छायाचित्रे पाठविली तेव्हा विवरांनी भरलेला उजाड पृष्ठभाग दिसला आणि तो इमला कोसळला. १९७१ मध्ये पोहोचलेल्या 'मरिनर-९'ने मात्र कोरड्या नद्यांची खरीखुरी पात्रे दाखविली. म्हणजे कालवे खोटे ठरले, पण पाणी खरे निघाले. दुरून पाहून केलेला तर्क दोन्ही बाजूंनी फसू शकतो.

लोणारचा धडा

नमुना हाती असणे का महत्त्वाचे, हे समजण्यासाठी आपल्याला मंगळावर जाण्याचे कारण नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारपर्यंत गेले तरी पुरे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, आहे. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यत्वे बेसॉल्टचाच असल्यामुळे आणि पृथ्वीवर बेसॉल्टमधील इतके सुस्थितीतील आघातविवर दुसरे नसल्यामुळे मंगळाचे अभ्यासक लोणारचे दगड आपल्या प्रयोगशाळांत नेऊन तपासतात. ही विद्या त्यांना आपल्या मातीने शिकविली आहे, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा.

इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ साली या सरोवराची नोंद केली. त्यानंतर दीडशे वर्षे एकच वाद चालला. हे ज्वालामुखीचे मुख की अवकाशातून आलेल्या आघाताचा खड्डा? काठावर उभे राहून कितीही पाहिले तरी उत्तर मिळत नव्हते. अखेरीस सरोवराच्या तळाला छिद्रे पाडण्यात आली. सुमारे शंभर मीटर गाळाच्या खाली चुरडलेला खडक लागला आणि त्यात मॅस्केलिनाइट ही काच सापडली. ही काच प्रचंड धक्क्याशिवाय तयार होत नाही. स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेडरिकसन आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी १९७३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ते प्रसिद्ध केले व वाद मिटला. विवराच्या वयाचा वाद मात्र अजून बाकी आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे भरते, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. इतकी तफावत असूनही कोणी निराश होत नाही, कारण दगड येथेच आहेत आणि पुन्हा तपासता येतील.

लोणारच्या गाळाने आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली. भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. त्यात सुमारे ११ हजार वर्षांचा पावसाळा थराथराने साठलेला आहे. पाणी आटून खारटपणा वाढला की गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक गाळात तयार होतात. या स्फटिकांवरून दोन प्रदीर्घ अवर्षणकाळ ओळखले गेले. पहिला आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष विदर्भ-मराठवाड्यातील प्रत्येक नियोजनकर्त्याने वाचावयास हवा. मोसमी पाऊस शतकानुशतके दगा देऊ शकतो, हे आपल्या कोणत्याही बखरीत नाही. ते गाळात लिहिलेले होते, परंतु गाळ वर काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवेपर्यंत ते कोणाला वाचता आले नाही.

येझेरोच्या तुकड्याचेही तसेच आहे. गंधकाचे जड व हलके असे प्रकार असतात. सूक्ष्मजीव सल्फेट वापरताना हलक्या प्रकाराला प्राधान्य देतात, म्हणून जिवांनी बनविलेल्या खनिजात हलक्याचे प्रमाण वाढलेले आढळते. हे मोजमाप अतिशय नाजूक असून त्याला खोलीएवढी यंत्रे, निर्वात कक्ष व अनेक महिन्यांची तयारी लागते. तसले यंत्र गाडीवर बसविणे शक्य नाही. म्हणून 'पर्सिव्हिअरन्स'ची रचनाच अशी केली गेली की तिने निवडावे, काढावे, सीलबंद करावे आणि थांबावे. तिच्यापाशी एकूण ४३ नळ्या आहेत. त्यांपैकी दहा नळ्या तिने डिसेंबर २०२२ व जानेवारी २०२३ मध्ये जमिनीवर नीट ओळखता येतील अशा मांडून ठेवल्या. कधी काळी गाडीच बंद पडली, तर निदान तेवढा साठा उचलता यावा, हा त्यामागील हेतू. 'सॅफायर कॅन्यन' मात्र त्यानंतर घेतलेला नमुना असल्याने तो गाडीच्या पोटातच आहे.

खर्चाचा प्रश्न

आता खर्चाकडे वळू. नमुने आणण्याचा मूळ बेत मोठा होता. एक यान मंगळावर उतरावयाचे, त्यातून एका छोट्या अग्निबाणाने नळ्या वर न्यावयाच्या आणि युरोपीय अंतराळ संस्थेच्या यानाने कक्षेत त्या झेलून पृथ्वीकडे आणावयाच्या. दुसऱ्या ग्रहावरून अग्निबाण उडविण्याचे काम आजवर कोणी केलेले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये एका स्वतंत्र समितीने हा खर्च ८ ते ११ अब्ज डॉलर्सपर्यंत जाईल असा अंदाज दिला. एप्रिल २०२४ मध्ये 'नासा'चे तत्कालीन प्रमुख बिल नेल्सन यांनी ११ अब्ज डॉलर्स आणि २०४० सालापर्यंतची प्रतीक्षा या दोन्ही गोष्टी अस्वीकार्य असल्याचे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये साधारण ६ ते ७.७ अब्जांच्या दरम्यानचे दोन स्वस्त पर्याय पुढे आले. पण त्यांच्यात निवड होण्यापूर्वीच राजकीय वारे बदलले.

एवढा पैसा दगडांवर खर्च करण्यापेक्षा भुकेल्यांना का देऊ नये, असा प्रश्न आमचे अनेक वाचक विचारतील आणि तो प्रश्न थट्टेने उडवून लावण्यासारखा नाही. अकरा अब्ज ही रक्कम ऐकूनच माणूस दचकतो. अंदाज वर्षागणिक फुगत असताना लोकप्रतिनिधींनी हात आखडता घेतला, यात आम्हांला गैर वाटत नाही. लोकांच्या करातून आलेल्या पैशाचा हिशेब मागणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. परंतु वाचविलेली रक्कम भुकेल्यांकडे जात नाही, हेही तितकेच खरे. ती अन्य खात्यांत विरून जाते. शिवाय महाग बेत नाकारणे वेगळे आणि कामच सोडून देणे वेगळे. नमुने शोधून, निवडून, काढून, बंद करून ठेवण्याचा अवघड भाग पार पडला आहे. पीक कापून खळ्यावर आणावे आणि गाडीभाडे परवडत नाही म्हणून ते तेथेच सोडावे, असा हा प्रकार झाला.

नमुने आणणे अशक्य नाही, हे गेल्या काही वर्षांत वारंवार दिसले आहे. १९६९ ते १९७२ या काळात अपोलो मोहिमांनी चंद्रावरून ३८२ किलो दगड-माती आणली, ती आजही अभ्यासली जात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये 'ओसायरिस-रेक्स' मोहिमेने बेन्नू या लघुग्रहावरील सुमारे १२१ ग्रॅम माती आणली. त्या चिमूटभर मातीत प्राचीन खारट पाणी आटून उरलेले क्षार आणि प्रथिनांत आढळणाऱ्या वीसपैकी चौदा अमिनो आम्ले सापडल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. या मातीच्या अभ्यासात आपल्या व्हॅटिकन वेधशाळेचाही हातभार आहे. तेथील अशनीसंग्रहाचे प्रमुख ब्रदर रॉबर्ट मॅके यांनी बेन्नूच्या दगडांची घनता मोजण्याचे उपकरण त्या मोहिमेसाठी स्वतः तयार करून दिले. या वेधशाळेची धुरा सप्टेंबर २०२५ पासून येशू संघाच्या गोवा प्रांतातील फादर रिचर्ड डिसोझा यांच्याकडे आली आहे, हेही येथे आनंदाने नमूद करावेसे वाटते. परग्रहावर जीव सापडला तर आपल्या श्रद्धेचे काय, असे कोणी विचारले तर त्याला त्याच वेधशाळेचे माजी संचालक फादर होजे फुनेस यांची २००८ सालची मुलाखत दाखवावी. त्या शक्यतेत श्रद्धेला बाधक असे काही त्यांना दिसले नव्हते. त्यामुळे तो विषय आम्ही येथे वाढवीत नाही.

आता चीनकडे पाहू. चीनने डिसेंबर २०२० मध्ये 'चांग-ई ५'द्वारे आणि जून २०२४ मध्ये 'चांग-ई ६'द्वारे चंद्रावरून माती आणली. दुसऱ्या वेळी तर चंद्राच्या आपल्याला कधीही न दिसणाऱ्या बाजूवरून. आता 'तियानवेन-३' ही मंगळाची मोहीम २०२८ च्या सुमारास सोडून २०३१ च्या सुमारास किमान अर्धा किलो नमुने आणण्याचा त्यांचा मानस आहे. तसे घडले तर मंगळाची माती प्रथम आणण्याचा मान चीनला मिळेल. पण मान कोणाला, हा प्रश्न आम्हांला दुय्यम वाटतो. चिनी यान एकाच ठिकाणी उतरून जे हाताशी येईल ते घेणार आहे. 'पर्सिव्हिअरन्स'ने मात्र चार-पाच वर्षे फिरून तलावाचा तळ, त्रिभुज प्रदेश, नदीचे पात्र आणि विवराची कड अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून नमुने वेचले आहेत. एका मूठभर मातीवरून संपूर्ण गावाचा इतिहास सांगणे आणि विहीर, ओढा, शेत, डोंगर अशा सर्व ठिकाणची माती घेऊन तो सांगणे यांत जेवढा फरक आहे, तेवढाच येथेही आहे.

भारताचा या प्रश्नाशी संबंध नाही असे समजू नये. आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले आणि केवळ सहा महिन्यांसाठी आखलेले असूनही २०२२ पर्यंत संपर्कात राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चंद्रावरून नमुने आणणाऱ्या 'चांद्रयान-४' मोहिमेस सुमारे २१०४ कोटी रुपये मंजूर केले. चंद्राचे गुरुत्वाकर्षण कमी आहे, तेथे वातावरण नाही आणि अंतर अवघे काही दिवसांचे आहे. तरीही उतरणे, उचलणे, उडणे आणि कक्षेत जोडणी करणे हे चारही टप्पे मंगळासाठी लागणारेच आहेत. आज जे अमेरिकेला महाग पडले, ते उद्या अनेक देशांनी मिळून करण्याचा मार्ग निघाला तर त्यात आपल्याकडेही देण्यासारखे काही असेल.

तोवर सर्व भिस्त त्या गाडीवर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या अभियंत्यांनी चाकांच्या यंत्रणेची पुन्हा चाचणी घेतली. ती आणखी सुमारे ६० किलोमीटर चालू शकेल व निदान २०३१ पर्यंत काम देईल, असा त्यांचा अंदाज आहे. 'सॅफायर कॅन्यन' जमिनीवर ठेवावयाचा की पोटात बाळगून पुढे जावयाचे, याचा निर्णय त्याआधी कधीतरी घ्यावा लागेल.